साइट इंजिनिअरने पदवीनंतर शिकायचे कसे : वहीपासून परवान्यापर्यंतचा क्रम

सिव्हिलची पदवी घेऊन साइटवर दोन-तीन वर्षे काढलेले तरुण अभियंते भेटतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : "सर, आता कोणता कोर्स करू?" यातल्या अनेकांनी तोपर्यंत दोन-तीन प्रमाणपत्रे मिळवलेली असतात आणि एखाद्या सॉफ्टवेअरचा वर्गही पूर्ण केलेला असतो, तरीही पगार आणि जबाबदारी जिथल्या तिथेच असते. त्यांची मेहनत कमी पडलेली नसते. क्रम चुकलेला असतो. कोर्स हा या प्रक्रियेतला सहावा टप्पा आहे. तो पहिला घेतला, तर शिकलेले कामाला कुठे जोडायचे हेच कळत नाही आणि सहा महिन्यांत ते विसरले जाते.

हा लेख इमारतींच्या आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) कामावर असलेल्या अभियंत्यांना समोर ठेवून लिहिला आहे. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलच्या वाचकांनाही क्रम हाच ठेवता येईल. फक्त कोडची (कामाचे नियम ठरवणाऱ्या मानकांची) नावे आणि उदाहरणे त्यांनी आपल्या कामातली घ्यावीत.

## पूर्वतयारी

सुरुवात करण्यापूर्वी चार गोष्टी हाताशी असाव्यात.

पहिली, जाड पुठ्ठ्याची, पाने क्रमांकित केलेली वही. मोबाइलमधल्या नोंदी चालतील, पण पावसात, सिमेंटच्या हातांनी आणि पंपाच्या आवाजात कागदावर पेन्सिलीने लिहिणेच सोपे जाते, हा माझा अनुभव आहे.

दुसरी, कोडच्या अधिकृत प्रती. भारतीय मानक ब्यूरोच्या पोर्टलवर नोंदणी केली की भारतीय मानके विनाशुल्क उतरवून घेता येतात. सुरुवातीला आयएस ४५६ (आरसीसी), आयएस १०२६२ (मिक्स डिझाइन, म्हणजे काँक्रीटच्या मिश्रणाचे प्रमाण), आयएस १३९२० (भूकंपरोधक डिटेलिंग, म्हणजे सळईची मांडणी), आयएस १७८६ (सळई) आणि आयएस १२०० (मोजमाप) एवढी पुरेत.

तिसरी, नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक यांची एक फाइल. हिचे काम सातव्या टप्प्यात पडेल, परंतु ती आजपासूनच भरायला लागते.

चौथी, आठवड्यातून दोन वेळा, एकेक तास. रोज तीन तास अभ्यासाचा संकल्प साइटवर टिकत नाही. ज्या दिवशी स्लॅब असतो त्या दिवशी घरी पोहोचायलाच रात्रीचे अकरा वाजतात.

सावधान : कंपनीची ड्रॉइंग, दरपत्रके किंवा मिक्स डिझाइनचे अहवाल परवानगीशिवाय स्वतःच्या मेलवर पाठवू नका. शिकण्यासाठी तुमच्या हस्ताक्षरातली नोंद आणि तुम्ही स्वतः केलेले गणित पुरते.

## टप्पा १ : तीन महिने कामाची वही लिहा

साइटवर रोजचा प्रगती अहवाल जातोच, मग वेगळी वही कशाला, असे पुष्कळांना वाटते. अहवालात काम किती झाले ते असते. या वहीत तुम्ही कोणता निर्णय घेतला आणि का घेतला ते असले पाहिजे. नोंद अशी असावी (एम-२५ ही काँक्रीटची ताकदीनुसार ग्रेड, पीपीसी म्हणजे राख मिसळलेले सिमेंट, स्लंप म्हणजे ओल्या काँक्रीटच्या सैलपणाचे माप) :

*"ता. १४, मंगळवार. तिसरा स्लॅब, ग्रिड बी-४ ते डी-७. एम-२५, पीपीसी. गाडी क्र. ३ : प्लँटवरून १०.४०, साइटवर ११.३५, रिकामी १२.२०. स्लंप ११० मिमी. पाइप जॅम झाल्याने पंप बंद, पुढची गाडी थांबून राहिली. सी-५ जवळच्या बीममध्ये काँक्रीट मध्येच थांबले. मुकादमाने तिथे सिमेंटची स्लरी टाकायला सांगितले, मी हो म्हटले. का? माहीत नाही."*

शेवटचे दोन शब्द सर्वांत मोलाचे आहेत. ते लिहायला संकोच वाटतो, म्हणून बहुतेकांच्या वहीत ते नसतात, आणि मग तीन महिन्यांनी वही पाहिली तर त्यात केवळ तारखा आणि घनमीटर सापडतात.

नोंद त्याच दिवशी करा. शनिवारी बसून आठवड्याची वही भरली की गाड्यांच्या वेळा अंदाजाने लिहिल्या जातात आणि अडचणींचा तर विसरच पडतो. मिस्त्री, फिटर आणि मुकादम यांनी सांगितलेली कारणे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. ती बरोबर की चूक, हे तिसऱ्या टप्प्यात पाहायचे आहे. या टप्प्यावर त्यांना खोडून काढायला जाऊ नका. सळईची जाळी बांधून तीस वर्षे झालेल्या फिटरला जे ठाऊक असते, त्यातले बरेचसे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

तपासणी : तीन महिन्यांनंतर वहीत किमान तीस ठिकाणी "का? माहीत नाही" असे सापडले पाहिजे. पाचच सापडले, तर तुमचे सगळे जाणून झाले असे समजू नका. नोंदी वरवरच्या झाल्या आहेत, आणखी एक महिना लिहा.

## टप्पा २ : उणिवांची वर्गवारी करा

या तीस-चाळीस प्रश्नांचे ढीग करा : साहित्य आणि काँक्रीट, सळई व डिटेलिंग, शटरिंग, मोजमाप आणि बिल, नियोजन. जो ढीग सर्वांत मोठा, तिथून सुरुवात करायची. त्यातलेही तीनच प्रश्न निवडा, आणि असे निवडा की ज्यांचे उत्तर पुढच्या महिन्याभरात साइटवर वापरता येईल. फाउंडेशनचे काम संपून गेलेल्या साइटवर बसून पाइलचा अभ्यास करणे हा वेळेचा अपव्यय आहे.

## टप्पा ३ : प्रत्येक प्रश्नासाठी कोडमधले कलम शोधा

या टप्प्यावर मी स्वतः जो धडा घेतला तो सांगतो, कारण हीच चूक मला आजही दर सहा महिन्यांनी कुठे ना कुठे दिसते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका इमारतीच्या स्लॅबचे टेकू मी आठव्या दिवशी काढू दिले. "सात दिवस झाले की टेकू निघतात" हे मी पहिल्या साइटवर ऐकले होते आणि तोपर्यंत कधी अडले नव्हते. या स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) मात्र पाच मीटरचा होता, सिमेंट पीपीसी होते, आणि वरच्या मजल्यासाठी विटांचा ढीग त्याच गाळ्यावर रचला होता. दोन दिवसांनी स्लॅबच्या तळाला मधोमध केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. स्ट्रक्चरल कन्सल्टंट आले, त्यांनी विटा उतरवायला लावल्या, टेकू परत लावायला लावले, आणि मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला : "हे सात दिवस कुठे लिहिले आहेत?" मला उत्तर देता आले नाही.

ते आयएस ४५६ च्या ११.३.१ या कलमात लिहिलेले आहेत. या कलमानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्यासाठी १४ दिवस लागतात. बीमसाठी सहा मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१ दिवस आहेत. आकड्यांच्या आधी असलेली अट तितकीच महत्त्वाची आहे : हे दिवस ओपीसी (साधे पोर्टलंड) सिमेंट, पुरेसे क्युरिंग आणि १५ अंश सेल्सिअसच्या खाली न जाणारे तापमान यांसाठी आहेत, आणि खरी कसोटी काँक्रीटच्या ताकदीची आहे. इतर सिमेंटसाठी कालावधी योग्य त्या प्रमाणात बदलावा, असे कलम स्पष्ट सांगते. मी आकडा ऐकला होता, अट ऐकली नव्हती.

म्हणून कलम वाचताना हा क्रम पाळा :

1. आकडा शोधण्याआधी कलमाचे पहिले वाक्य वाचा. अट बहुधा तिथेच असते.
2. आकडा आणि अट दोन्ही वहीत, मूळ प्रश्नासमोर, कलम क्रमांकासह लिहा.
3. प्रकल्पाच्या ड्रॉइंगवरील जनरल नोट्स आणि कंत्राटातील तपशील पाहा. तिथे कोडपेक्षा कडक अट असेल तर तीच पाळायची.
4. सुधारणापत्रके तपासा.

चौथ्या पायरीकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. क्यूबच्या, म्हणजे ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, निकालांचे उदाहरण घ्या. आयएस ४५६ च्या २००० सालच्या मूळ मजकुरात एम-२० आणि त्यावरील काँक्रीटसाठी कोणताही एक निकाल नेमलेल्या ताकदीपेक्षा ४ न्यूटन प्रति चौरस मिमीपर्यंत कमी चालत असे. नंतरच्या सुधारणेत तो फरक ३ वर आणला गेला. कॉलेजच्या काळातली झेरॉक्स प्रत घेऊन बसलेला अभियंता आजही जुन्याच आकड्यावर निकाल "पास" लिहितो. या लेखातले आकडे २००० सालच्या आवृत्तीवर आधारलेले आहेत. तुमच्या कंत्राटात कोणती आवृत्ती नमूद आहे ते पाहूनच वापरा.

तपासणी : ६८ घनमीटरच्या एका स्लॅबसाठी क्यूबचे किती नमुने घ्यावे लागतील? कोडच्या तक्त्यानुसार ३१ ते ५० घनमीटरसाठी ४ नमुने, आणि त्यापुढे दर ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक जादा नमुना लागतो. म्हणजे ५ नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, एकूण १५, आणि हे २८ दिवसांच्या चाचणीचे; सात दिवसांच्या चाचणीसाठी क्यूब हवे असतील तर ते निराळे. तुमच्या साइटवर "सहा क्यूब भरले की झाले" अशी पद्धत असेल, तर वहीतला पुढचा प्रश्न तुम्हाला मिळाला आहे.

## टप्पा ४ : हाताने गणित करा, मग एक्सेल, मग सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरच्या वर्गाची घाई इथेच नडते. ज्याने एका बीमचे बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) कधी हाताने काढलेले नाही, त्याला प्रोग्रॅमने दिलेला चुकीचा आकडा ओळखता येत नाही.

अगदी सोप्यापासून सुरुवात करा. सळईचे वजन काढताना व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र सर्वांना पाठ असते. ते १६२ कुठून आले, हे स्वतः मांडून पाहा. पोलादाची घनता दर घनमीटरला ७,८५० किलो धरून एक मीटर सळईचे आकारमान काढले की ते आपोआप येते. अर्धे पान लागेल, पण मिलिमीटर आणि मीटर यांचा गोंधळ कायमचा संपेल.

यानंतर लॅपचे, म्हणजे दोन सळया जोडताना एकमेकींवर ठेवायच्या लांबीचे, गणित घ्या. "लॅप पन्नास डी" (सळईच्या व्यासाच्या पन्नास पट) हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही साइटवर ऐकू येते. कलम २६.२.१ प्रमाणे एफई-५०० सळईसाठी मांडणी करा : सळईतला ताण ०.८७ × ५०० म्हणजे ४३५. एम-२५ काँक्रीटसाठी बाँडचा (काँक्रीट आणि सळई यांच्या पकडीचा) ताण १.४, वळ्या असलेल्या सळईमुळे त्यात ६० टक्के वाढ, म्हणजे २.२४. डेव्हलपमेंट लेंथ (सळईची पकड बसायला काँक्रीटमध्ये लागणारी लांबी; ताणाच्या भागात लॅपही किमान तेवढाच) = ४३५ ÷ (४ × २.२४) = व्यासाच्या ४८.५ पट. इथे पन्नास डी पुरतात. हेच गणित एम-२० साठी करा. बाँडचा ताण १.२ × १.६ = १.९२, आणि उत्तर येते ५६.६ पट. म्हणजे १६ मिमीच्या सळईला ताणाच्या भागात सुमारे ९०६ मिमी लॅप हवा असताना पन्नास डीच्या हिशेबाने ८०० मिमीच मिळतो. शंभर मिलिमीटरहून अधिक कमी! एम-२० मध्ये बांधलेल्या कितीतरी बंगल्यांच्या बीममध्ये ही तूट काँक्रीटखाली कायमची झाकली गेली आहे, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. तुम्ही ही चार ओळींची मांडणी एकदा स्वतःच्या हाताने केली, की काँक्रीटची ग्रेड बदलली म्हणजे लॅप बदलतो हे पुन्हा कोणाला सांगावे लागणार नाही.

हाताने पाच वेळा केलेले गणित एक्सेलमध्ये बसवा. तुम्ही स्वतः बनवलेली ती शीट पुढे मुलाखतीत दाखवता येते, आणि दुसऱ्याकडून मिळालेल्या तयार शीटपेक्षा तिचे वजन किती तरी अधिक असते.

ईटॅब्ससारखे इमारतीच्या डिझाइनचे सॉफ्टवेअर यानंतर शिका, आणि पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या : मॉडेल चालवल्यावर सर्वप्रथम पायावरची एकूण प्रतिक्रिया, म्हणजे पायावर येणारा एकूण भार, पाहायची. निवासी आरसीसी इमारतीत एका मजल्याचा भार दर चौरस मीटरला साधारण १० ते १२ किलोन्यूटन धरून हाताने बेरीज करा. दोन आकड्यांत मोठा फरक असेल, तर भिंतींचा भार राहून गेला आहे किंवा दोनदा धरला गेला आहे.

सावधान : स्वतःचे गणित ड्रॉइंगशी जुळले नाही, तर सळई बदलून टाकू नका. लेखी शंका विचारा. तुम्हाला दिसलेली चूक खरी असू शकते. बदल करण्याचा अधिकार मात्र स्ट्रक्चरल डिझाइनरचा आहे.

## टप्पा ५ : दिशा ठरवा

इथवर सहा ते नऊ महिने गेलेले असतील, आणि कोणत्या प्रश्नांकडे तुमचा हात आपोआप वळतो ते वहीच सांगेल. प्रत्यक्ष काम उभे करणे, डिझाइन, गुणवत्ता नियंत्रण, आणि बिलिंग व नियोजन अशा चार वाटा आहेत. यातली बिलिंगची वाट अनेकांना दुय्यम वाटते, हा गैरसमज आहे. आयएस १२०० प्रमाणे मोजमाप लिहिता येणारा आणि आरए बिलातला (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने लावलेल्या बिलातला) फरक कारणासहित सांगता येणारा अभियंता प्रोजेक्ट मॅनेजरला नेहमी हवा असतो.

## टप्पा ६ : आता कोर्स निवडा

आयआयटी आणि आयआयएससी यांनी चालवलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर ४, ८ आणि १२ आठवड्यांचे अभ्यासक्रम असतात. ऐकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. अंतिम गुणांत गृहपाठाचे २५ आणि परीक्षेचे ७५ टक्के धरले जातात, म्हणून गृहपाठ सोडून शेवटी परीक्षेला बसण्याचा बेत फसतो. जुलैत सुरू होणारे सत्र साइटवरच्या लोकांना त्यातल्या त्यात सोयीचे पडते, कारण पावसाळ्यात खोदकाम मंदावते आणि संध्याकाळ थोडी लवकर मोकळी होते. एका सत्रात एकच विषय घ्या.

पूर्ण वेळ एम.टेक. करायचे असेल, तर गेट या प्रवेश परीक्षेचा निकाल तीन वर्षे ग्राह्य असतो हे लक्षात ठेवून बेत आखा. नोकरीत स्थिर असताना परीक्षा देऊन ठेवता येते, आणि डिझाइनची वाट निवडणाऱ्यांनी ती द्यावीच, असे माझे मत आहे.

सावधान : घरबसल्या अभियांत्रिकी पदवी देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मंजुरीविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली कठोर निकाल दिला, आणि अनेक नोकरदारांच्या बढत्या त्यात अडकल्या. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. प्रवेश देणाऱ्या एजंटच्या शब्दावर राहू नका.

## टप्पा ७ : अनुभवाचा पुरावा तयार ठेवा

अनुभव असणे वेगळे आणि तो सिद्ध करता येणे वेगळे. महाराष्ट्रात २०२० साली लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत परवानाधारक अभियंता आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्यासाठी पात्रता दिलेली आहे; स्ट्रक्चरल इंजिनिअरसाठी पदवीबरोबर डिझाइनचा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागितला जातो. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) या संस्थेकडून चार्टर्ड इंजिनिअर म्हणून मान्यता घेतानाही अनुभवाचे तपशील द्यावे लागतात. आखाती देशांत जाणाऱ्यांची सर्वाधिक अडचण याच कागदावर होते, कारण त्यांच्या प्रमाणपत्रावर "यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले" एवढेच लिहिलेले असते.

प्रमाणपत्रात पुढील गोष्टी नेमक्या असाव्यात : नोकरीच्या दोन्ही तारखा, पद, प्रकल्पाचा प्रकार आणि आकारमान, तुमचे स्वतःचे काम, आणि सही करणाऱ्याचे पद. मसुदा तुम्हीच वहीवरून तयार करून द्या. वरिष्ठांना तेवढा वेळ नसतो आणि त्यांना तुमच्या कामाचे आकडे आठवतही नाहीत. लहान कंत्राटदाराकडे रोखीने पगार घेणाऱ्यांनी निदान बँक खात्यात पगार जमा करण्याचा आग्रह धरावा, नाहीतर तीन वर्षांच्या नोकरीचा एकही कागद हाती राहत नाही.

## टप्पा ८ : बढती मागा, किंवा नोकरी बदला

वरिष्ठांशी बोलण्याची वेळ वार्षिक वेतनवाढीच्या दोन महिने आधीची असावी. पत्र हातात पडल्यावर बोलून उपयोग नाही. "मी खूप मेहनत करतो" हे वाक्य टाळा. वहीतून तीन प्रसंग निवडा, जिथे तुमच्यामुळे काम तोडावे लागले नाही, बिल अडले नाही किंवा दिवस वाचले, आणि तारीख व आकड्यांसह एका पानावर मांडा. पानाच्या शेवटी पगाराचा आकडा लिहू नका, कोणती जबाबदारी पेलायला तयार आहात ते लिहा, जसे की "पुढच्या इमारतीचे बार बेंडिंग शेड्यूल आणि सळईची तपासणी मी स्वतंत्रपणे पाहू शकेन." पगाराचे बोलणे त्या जबाबदारीवरून निघते आणि मग ते नाकारणे अवघड जाते.

होकार न मिळाल्यास कारण विचारा, ते वहीत लिहा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोला. दुसऱ्यांदाही नुसतेच "बघू" ऐकू आले, तर नवी जागा शोधायला हरकत नाही. मात्र स्लॅबच्या ऐन आठवड्यात साइट सोडू नका. बांधकामाचे वर्तुळ लहान असते आणि नव्या ठिकाणी चौकशीचा फोन बहुधा जुन्याच माणसाला जातो. निघण्यापूर्वी हँडओव्हरची यादी करून वरिष्ठांची सही घ्या : चाचणीला बाकी असलेले क्यूब आणि त्यांच्या तारखा, उत्तर न आलेल्या लेखी शंका, कोणत्या गाळ्याचे टेकू कोणत्या तारखेपर्यंत काढायचे नाहीत, आणि न लिहिली गेलेली मोजमापे. अनुभवाचे प्रमाणपत्र त्याच दिवशी, साइट सोडण्याआधी हातात घ्या.